रिकामी बस

पुलाच्या अलीकडे बस थांबली की एक बाई दारातून ओरडायची, "उतरा मंडळी, पाय मोकळे करा!" मग सगळे प्रवासी उतरून कडेच्या फळ्यांच्या पायवाटेवरून, कठड्याला धरून चालत निघायचे. त्यांच्या बाजूने रिकामी बस पाऊल मोजत गेल्यासारखी जायची. ड्रायव्हरमामा आपल्या बाजूचं दार दोरीने उघडं बांधून ठेवायचे. पूल खचलाच, तर उडी मारायला! पलीकडे पोचलं की सगळे पुन्हा आपापल्या जागेवर. अशी कित्येक वर्षं गेली. पूल म्हातारा झाला होता, भरलेली बस त्याला पेलणार नाही असा डेपोचा हुकूम होता, आणि तो दुरुस्त करायला सरकारजवळ निधी नव्हता.

ती त्या बसची कंडक्टर. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागली होती. प्रवासी तिला पाठीमागे खातरजमाबाई म्हणायचे, कारण कुठल्याही गोष्टीवर तिचं एकच ठरलेलं असायचं, "खातरजमा करून घ्यावी." दूध उकळल्यावरसुद्धा ती वास घेऊन बघायची. दाराला कडी लावून आली की परत उठून कडी ओढून बघायची. विश्वास म्हणाल तर एका देवावर, आणि त्यालाही रोज सकाळी हात जोडून आठवण करून द्यायची, की आजचा दिवस आहे बरं का, लक्ष असू दे.

घरात ती आणि तिचे वडील, अण्णा. अण्णा शिंपी. उभं आयुष्य लष्कराचे गणवेश शिवण्यात गेलं. आता फुप्फुसात पाणी साचायचं, ते काढून घ्यायला दर आठवड्याला नदीपलीकडच्या इस्पितळात जावं लागायचं. सुरुवातीला ते पूल एका दमात पार करायचे. मग मध्ये थांबायला लागले. मग तिने बसच्या मागच्या बाकाखाली एक घडीचं स्टूल ठेवलं. पुलाच्या मध्यावर ती स्टूल उघडायची, अण्णा बसायचे, नदीकडे बघायचे आणि श्वास गोळा करायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "आता यांना एवढं चालवू नका. एखाद दिवशी पुलावरच बसतील आणि उठणार नाहीत."

तिने अर्ज दिले. डेपोत दिले, बांधकाम खात्यात दिले. उत्तर एकच, यंदा तरतूद नाही. त्याच आठवड्यात बातम्यांत नवी लढाऊ विमानं आली. चकचकीत, नाकं वर केलेली. अण्णा टीव्हीसमोर बसून म्हणाले, "बरोबर आहे. विमानाला पूल लागत नाही."

आणि एका सकाळी पुलावर माणसं दिसली. काही हिरव्या कपड्यांतली, काही डोक्यावर पिवळी टोपी घातलेली. खांब ठोकून बघत होती, खाली होडीतून जाऊन फोटो काढत होती.

"झालं तुमच्या मनासारखं," पुलाजवळचा चहावाला तिला म्हणाला. "आता तरी हसा."

"एवढी वर्षं कुणाला पूल दिसला नाही, आणि आज एकदम होडीतून बघायला आले? पाणी कुठेतरी मुरतंय."

"अहो, नदीच आहे ती! पाणी मुरणारच की."

"तू चहा गाळ."

काम झपाट्याने सुरू झालं. बस लांबच्या वळणाने जायला लागली. त्या फेऱ्याने अण्णा इस्पितळात पोचेपर्यंत अर्धमेले व्हायचे, पण म्हणायचे, थोडेच दिवस. तिला मात्र चैन पडेना. तिने एकदा मुकादमाला गाठलंच.

"दादा, याच्यावरून भरलेली बस जाईल ना?"

मुकादम छाती काढून म्हणाला, "ताई, याच्यावरून रणगाडा जाईल!"

"मी रणगाड्याचं नाही विचारलं."

"अहो, जिथे रणगाडा जातो तिथे बसची काय कथा?"

"तेच. कथा नको, लेखी द्या."

मुकादमाने हसून हात झटकले. तेवढ्यानेच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पूल उघडला त्या दिवशी आधी लष्कराच्या गाड्या गेल्या. कॅनव्हासने झाकलेल्या, एकामागून एक, संपता संपेनात. पूल जराही हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती टाळ्या न वाजवता पुलाच्या कडेला बघत होती. फळ्यांची पायवाट गायब होती. तिच्या जागी जाडजूड लोखंडी तुळया बसवल्या होत्या, आणि तोंडाशी आडवा दांडा, शेजारी पहारेकरी आणि नवीकोरी पाटी, 'पायी जाण्यास सक्त मनाई.'

ती तडक डेपोत गेली. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, लांबचा फेरा आजपासून बंद. डिझेल परवडत नाही. बस पुलावरून न्या."

"भरलेली?"

"छे छे. आपला जुना हुकूम आहे ना, बस रिकामी न्यायची. तो रद्द करायला बांधकाम खात्याचं पत्र लागतं. आणि बांधकाम खातं म्हणतं, पूल आता संरक्षण खात्याकडे गेला. रिकामीच बस सोडायची, असं पहाऱ्यावरही सांगून ठेवलंय."

"म्हणजे माणसांशिवाय बस जाईल, आणि बसशिवाय माणसं जाणार नाहीत. मग माणसांनी काय करायचं?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "वर कळवतो."

"मागचे अर्जही वरच आहेत, साहेब. तिथे आता जागा उरली असेल का, खातरजमा करून घ्या."

दुसरा दिवस अण्णांचा इस्पितळाचा. आधीचाच आठवडा फेऱ्याच्या त्रासाने चुकला होता. ओठ निळसर दिसत होते, वाक्य अर्ध्यात तुटत होतं. बस पुलाअलीकडे थांबली. सवयीने तिच्या तोंडात 'उतरा' आलं आणि तिथेच राहिलं. उतरून जायचं कुठे? सगळे तिच्याकडे बघत होते. पहारेकरी दांड्यापाशी उभा. अण्णांनी खिडकीच्या कडेला डोकं टेकवलेलं.

तिने मनात देवाचं नाव घेतलं. खोटं बोलायचं नाही हे तिचं व्रत होतं, पण गप्प बसायला कुणी मनाई केली नव्हती, आणि दिसायची सक्तीही नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "वाका."

"काय?" पुढच्या बाकावरची मास्तरीण म्हणाली.

"खाली वाका सगळे. खिडकीच्या खाली. पलीकडे जाईपर्यंत."

मग मास्तरीणबाईंनी पर्स पोटाशी धरून डोकं गुडघ्यांत घातलं, आणि बघता बघता सगळी बस वाकली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी कुरकुरलं, "पाठीचं ऑपरेशन झालंय माझं!" "मग आडवे व्हा!" ताठ राहिले ते एकटे अण्णा.

"अण्णा, वाका ना."

"वाकलो तर... श्वास जातो गं."

पहारेकरी जवळ आला होता. कोवळा चेहरा, पण डोळे तिला पटले नाहीत. अशी माणसं आता हसतात आणि मागाहून नाव लिहून घेतात.

"बस रिकामी आहे ना?"

तिने तिकिटांच्या पिशवीचा पट्टा नीट केला.

त्याने आत नजर टाकली. खिडकीत एकच म्हातारा, आणि बाकांच्या वर इथे तिथे केसांचे बुचडे. "मावशी, हे कोण?"

"माझे वडील."

"रिकामी म्हणजे रिकामी असते."

"बाळा," अण्णा म्हणाले, "मी आता... अर्धाच उरलोय. मला मोजू नको." मग त्याच्या छातीकडे बोट दाखवलं. "तुझं बटण लोंबतंय."

पहारेकऱ्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. "दोन महिने झाले सांगून. दोरा मिळत नाही म्हणतात."

"एवढ्या गाड्या... आणि दोरा नाही?" अण्णांनी कॉलरच्या आतून सुई काढली. ती तिथे नेहमी असायची, दोरा ओवूनच. "ये इकडे."

"अण्णा, याला लाच म्हणतात!" ती त्यांच्या कानाशी कुजबुजली.

"लाच कसली? दुरुस्ती आहे. सगळीच दुरुस्ती... सरकारवर सोडायची का?"

ड्रायव्हरमामांनी इंजिन बंद केलं. अण्णा खिडकीतून हात बाहेर काढून थांबत थांबत शिवत होते, पण टाका मात्र सरळ पडत होता. खाली वाकलेल्यांपैकी कुणीतरी कळवळून म्हणालं, "अण्णा, घाई करा हो, माझी मान गेली!" पहारेकऱ्याने ते ऐकलं. त्याने मान वळवून नदीकडे पाहिलं, दोरा तुटल्याचा आवाज आला तसा तो मागे सरला आणि त्याने दांडा वर केला.

"रिकामीच आहे. जाऊ द्या."

त्या दिवशी अण्णांचं पाणी निघालं. ओठांचा निळसरपणा गेला. परतीच्या वाटेवर तोच पहारेकरी होता, त्याने विचारलंही नाही. म्हणून तर ती रात्रभर तळमळली. एवढं सोपं कसं? आता चौकशी येईल, नोकरी जाईल, मग अण्णांना कोण नेणार?

पुढच्या आठवड्यात दांड्यापाशी दुसराच माणूस होता. पोक्त, मिशीवाला, सगळी बटणं घट्ट. तरी ती हळूच म्हणाली, "वाका," आणि सगळे सरावाने वाकले. मिशीवाला बसच्या कडेने सावकाश चालत आला. अण्णांच्या खिडकीशी थांबला.

"शिंपीबाबा तुम्हीच ना?"

अण्णांनी मान हलवली. त्याने खिशातून टोपी काढून समोर धरली. तिचं अस्तर उसवलं होतं.

बस पलीकडे गेल्यावर सगळे उठून बसले, कपडे झटकले, हसले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता ते स्टूल काढून टाका की. पायाला लागतं."

तिने मागच्या बाकाखाली वाकून पाहिलं. पुलाला नवं लोखंड आलं होतं, पहाऱ्याला ओळखीची माणसं आली होती, अण्णांच्या तोंडाला रंग आला होता. पण वर कळवलेलं अजून वरच होतं, आणि ओळख एका बदलीच्या हुकमाने पुसली जाते.

"राहू द्या," ती म्हणाली आणि स्टूल आणखी आत सरकवलं.