तीस तासांतले शेवटचे सहा

शनिवार, मार्चचा दुसरा आठवडा, सकाळी नऊ चाळीस. हजर: पीएचडी करणारे संशोधक चौदा, त्यांतले अकरा वेळेवर. प्राचार्य, दीपप्रज्वलनापुरते. सकाळच्या सत्राच्या बाई. मामा, म्हणजे आमचे मारुंजीचे शिपाई, आठपासून. मी, साडेसातपासून. दुपारच्या सत्राचे तज्ज्ञ अजून यायचे होते.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि तिथल्या संशोधन केंद्राचं काम बघते. केंद्राचं मुख्य काम म्हणजे संशोधकांसाठी कार्यशाळा घेणं. हे माझ्याकडे आलं ते मला याद्या करायची सवय आहे म्हणून. सभेत कुणाची वही उघडी दिसली की प्राचार्य काम तिच्याकडे सरकवतात. माझी वही कायम उघडी असते.

आतापर्यंत मी शोधनिबंध कसा लिहावा, संदर्भ कसे द्यावेत, ताण कसा हाताळावा अशा बऱ्याच कार्यशाळा घेतल्या. ताणाच्या कार्यशाळेत प्रोजेक्टर बंद पडला आणि वक्ते मामांवर इतके ओरडले की पुढचा तासभर श्रोते ताण प्रत्यक्षच बघत बसले. पण कागदावर माझी एकही कार्यशाळा फसलेली नाही, कारण आमच्याकडे एक पद्धत आहे. जेवणानंतर निम्मे लोक गायब होतात, म्हणून समारोपाचा फोटो सकाळीच काढायचा. मामा पडदे ओढतात, दिवे लावतात, चेहऱ्यावर जरा थकवा आणायला सांगतात. अभिप्रायाचे फॉर्मही सकाळच्या चहाबरोबरच भरून घ्यायचे. 'दुपारचे सत्र कसे वाटले?' समोर लोक चहाचा घोट घेत 'अत्यंत उपयुक्त' लिहितात. संध्याकाळी फॉर्म परत कोण देतं? मी एकदा संध्याकाळी मागून बघितले, तीन आले. त्यांतल्या एकावर भाजीची यादी होती.

अहवालही त्याच दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचा, हा मात्र माझा स्वतःचा नियम. बाकीची केंद्रं महिनामहिना लावतात. माझा साडेपाचच्या आत जातो. याचा मला अभिमान होता.

आता त्या दिवसाचं खरं प्रकरण. विद्यापीठाचा नियम असा की प्रबंध दाखल करण्याआधी संशोधकाने तीस तासांचं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे, आणि प्रत्येक तासाचं प्रमाणपत्र हवं. आमच्या चौदा जणांत भोसरीच्या एका वर्कशॉपमधले सर होते. पंचेचाळिशीचे, मूळचे लातूरकडचे, तिथं तयार झालेले सुटे भाग तपासायचं खातं त्यांच्याकडे. सगळे त्यांना सरच म्हणायचे, कारण संशोधन केंद्रात शिपाई सोडून सगळे सर असतात. नोकरी सांभाळून त्यांनी पीएचडी ओढत आणली होती. मुदतवाढीवर मुदतवाढ घेऊन शेवटची तारीख आता पुढचा शुक्रवार, संध्याकाळी पाच, ही होती. प्रबंध बांधून तयार. प्रशिक्षणाचे तास चोवीस. आमच्या कार्यशाळा शनिवारी, आणि शनिवारी त्यांच्याकडे माल गाडीत चढायचा, म्हणून तास कधी पुरे झालेच नाहीत. हे सहा मिळाले तर तीस. नाही मिळाले तर नोंदणी रद्द.

"मॅडम, आज रजा टाकून आलोय," त्यांनी सकाळी सही करता करता सांगितलं. "मालक म्हणला, परत रजा मागितली तर कायमचीच देतो."

"काळजी करू नका," मी म्हटलं. "दुपारी साडेचारची सही झाली की प्रमाणपत्र हातात."

सकाळचं सत्र झालं. बाईंनी चार तास संशोधनातल्या नीतिमत्तेवर बोलून घेतलं. आम्ही नुकताच संध्याकाळचा फोटो काढला होता, त्यामुळे मी जरा मागच्या रांगेत बसले.

दुपारचा विषय होता मोजमापातली चूक. तज्ज्ञ सकाळी चाकणला एका कारखान्यात जाऊन मग येणार होते. पावणेदोनला मी फोन केला.

"चाकणच्या चौकात आहे, मॅडम. निघालोच."

सव्वादोनला पुन्हा केला. "चौकातच आहे."

अडीचला त्यांचाच फोन आला. "मॅडम, हे काही सुटत नाही. मी परत फिरतो. पुढच्या वेळी नक्की." ज्या माणसाला पुढे सरकता येत नव्हतं तो मागे कसा वळला, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण माझ्यासमोर तेरा माणसं बसली होती. हो, तेरा. त्या दिवशी फक्त एकच पळाला होता.

सत्र झालं नाही तर सगळ्यांचे दोन तास कमी. बाकीच्यांना पुढच्या महिन्यात भरून काढता येणार होते. मी वहीत 'पर्याय' असं लिहून खाली रेघ ओढली आणि पुढे काही सुचेना. मामा दारात उभे होते.

"म्याडम, यवढी शिकल्याली मान्सं हायती. एकाला बी दोन तास बोलता येत न्हाई व्हय?"

कुणीच वर बघितलं नाही. मग भोसरीचे सर उठले.

"मॅडम, मी घेतो. आपलं रोजचंच काम हाय. कारखान्यात शिफ्टला शिकवतो, तेच इथं शिकवतो. नसता माझेच दोन तास बुडायलेत."

त्यांनी बॅगेतून व्हर्निअर काढला. मोजायचं ते साधन त्यांच्या बॅगेत असतं, जसं माझ्या पर्समध्ये पेन. मोजायला काय घ्यावं म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि मामांना जेवणातला उरलेला बटाटेवडा आणायला सांगितला. एकच. तो बशीत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, प्रत्येकानं याची रुंदी तीनदा मोजायची, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, शेजाऱ्याला दाखवायचा नाही.

आधी सगळे हसले. पहिल्या दोघांनी हसतच मोजलं. मग एकीनं वडा फिरवून मोजला, तर आकडा वेगळा. एकानं जोरात दाबला, वडा बसला. संगणकवाल्या मुलीनं विचारलं, "सर, तुकडा पडला तर तो धरायचा की सोडायचा?" सर म्हणाले, "हाच प्रश्न तुम्ही तुमच्या माहितीला कधी विचारलाय का?" ती वहीत काहीतरी लिहायला लागली. दुपारी तीन वाजता कुणी वहीत काही लिहिताना मी सहा वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

मलाही मोजायला लावलं. मी एकदा मोजलं. मागे रांग होती, साडेतीनचा चहा सांगायचा होता. तीनही ओळींत तोच आकडा लिहिला.

सरांनी चिठ्ठ्या फळ्यावर मांडल्या. नावं नाही लिहिली. कुणाचा हात दाबतो, कुणाचा सोडतो, कोण आकडा जवळच्या गोल संख्येला नेऊन ठेवतो, सगळं एकेक दाखवलं. वडा तोच, पण तेरा जणांचे तेरा वडे झाले होते. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही बघा. तीनही वेळा तंतोतंत सारखं. असला माणूस कारखान्यात लई धोक्याचा. हे मोजलेलं न्हाई, लिहिलेलं हाय."

मी खिडकीबाहेर बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं.

साडेचार झाले तरी लोक उठेनात. कुणी आपल्या प्रयोगातले आकडे दाखवत होतं, कुणी विचारत होतं भोसरीत येऊन बघता येईल का. मी खूश झाले. इतकी खूश झाले की व्यवस्थित काहीतरी करावंसं वाटलं. हजेरीपटावर 'सहभागी' या रकान्यातलं सरांचं नाव लाल पेनानं खोडलं आणि 'मार्गदर्शक' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं. एक माणूस, एक रकाना, ही माझी शिस्त. सर्वांसमोर जाहीरही केलं. टाळ्या झाल्या. त्यांच्या नावाचं सहभागाचं प्रमाणपत्र बाजूला काढलं आणि मार्गदर्शकाचं, सोनेरी कडेचं, छापून दिलं. सर लाजले. म्हणाले, "घरी लावतो."

पाच वीसला अहवाल हजेरीपटासह पोर्टलवर चढवला. एकदा चढवला की तो बंद होतो, बदलता येत नाही.

सोमवारी सकाळी अकराला सरांचा फोन. कामावर जरा उशिरा येतो असं सांगून ते विद्यापीठाच्या पीएचडी विभागात खिडकीपाशी उभे होते.

"मॅडम, हे चोवीसच म्हणायलेत."

"फोन द्या त्यांना."

खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मार्गदर्शकाला सहभागाचे तास मिळत नाहीत. एकाच कार्यशाळेत माणूस एक तर शिकवतो, नाही तर शिकतो. तुमच्याच अहवालात लिहिलंय. तोही इतक्या लवकर आलाय की आम्ही लगेच नोंदवून टाकला."

"पण सकाळचे चार तास तर ते बसले होते."

"हजेरीपटावर नाव खोडलंय. लाल शाईनं."

दुसऱ्या कुठल्याही केंद्रानं हा अहवाल महिनाभर ठेवला असता, तेवढ्यात चूक दुरुस्त झाली असती आणि सरांचा प्रबंध शुक्रवारपर्यंत आरामात दाखल झाला असता. माझ्या जागी एखादी गबाळी बाई असती तरी चाललं असतं.

यादी केली. पहिला पर्याय: सत्र तज्ज्ञांनीच घेतलं, आमच्याकडून नाव लिहिताना चूक झाली, असं कळवणं. त्यासाठी तज्ज्ञांची सही लागणार होती. त्यांना फोन केला आणि भीत भीत प्रकरण सांगितलं.

"अहो, त्यात काय एवढं," ते म्हणाले. "मी आलो होतो असं लिहा की. कागद पाठवा, दहा मिनिटांत सही करून देतो. फोटो असेलच ना?"

फोटो होता. त्यात खुर्च्या होत्या, पडदे ओढलेले होते, त्यांच्या नावाची पाटी होती. आणि तेरा-चौदा अभिप्राय होते, त्यांचं सत्र अत्यंत उपयुक्त झाल्याचे. पुरावा इतका पक्का होता की क्षणभर मलाच वाटलं, आले असतील.

सर दुपारी जेवणाच्या सुट्टीत गाडीवर आले. हातांना तेलाचा वास होता. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे जे आले न्हाईत ते आले होते, आणि मी बसून ऐकलं."

"हो. तास मिळतात."

"मॅडम, माझा प्रबंधच मोजमापातल्या चुकीवर हाय. त्याच्या मागं हे जोडू?"

"सर, सहा वर्षं गेलीत तुमची. एका कागदाचा प्रश्न आहे."

"बायकोपण हेच म्हणंल," ते म्हणाले. "दुसरं काही निघत असंल तर बघा. न्हाईच निघालं तर गुरुवारी परत बोलू. मी लई मोठा हरिश्चंद्र न्हाई. पण आधी दुसरं बघा."

दुसरा पर्याय होता सत्र झालंच नाही असं लिहिणं. त्यात सर परत सहभागी होत होते, पण अठ्ठावीस तासांवर अडकत होते, आणि बाकीच्या बारा जणांचे दोन-दोन तास बुडत होते. तिसरा पर्याय म्हणजे जे घडलं ते लिहायचं: तज्ज्ञ आले नाहीत, सहभागी संशोधकाने सत्र घेतलं, सकाळी तो श्रोता होता, दुपारी तोच बोलला, नाव मी खोडलं, चूक माझी, सहा तास धरावेत. असं पत्र आमच्या केंद्राच्या इतिहासात कुणी लिहिलेलं नाही. नमुनाच नव्हता. मी मंगळवारी सकाळी बसून लिहिलं. सहा ओळी झाल्या.

प्राचार्यांनी वाचून चष्मा काढला. "मॅडम, तज्ज्ञ आले नाहीत हे लिहायलाच पाहिजे का?"

"हो."

"फोटोत पाटी आहे."

"पाटी आली होती, सर."

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, माझी एकट्याची सही विद्यापीठ धरणार नाही, संशोधन समितीच्या पाचही सदस्यांच्या आणा. आणि स्वतः पहिली केली. हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

दुसरी सही माझी. तिसरी ग्रंथपालांची, त्यांनी न वाचता केली. चौथी यंत्र विभागाच्या प्रमुखांची, त्यांनी वाचली, हसले, पुन्हा वाचली आणि विचारलं, वड्याचं खरं माप शेवटी किती निघालं. मी म्हटलं, मामांनी खाल्ला.

पाचवे सदस्य विद्यापीठानं नेमलेले, बाहेरचे. ते बुधवार ते शुक्रवार तळेगावच्या पुढे एका निवासी प्रशिक्षणाला गेलेत. विषय, वेळेचं व्यवस्थापन. तिथं फोन जमा करून घेतात. मामा म्हणाले, "मंग आपुनच जाऊ की. च्याच्या टायमाला बाहेर यतीलच."

आज गुरुवार. कासारवाडीहून सकाळची लोकल, तळेगावला उतरून रिक्षा, अकराचा चहा, सही, परत. मग पत्र विद्यापीठात, उद्या पाचच्या आत. सरांना कळवलं आहे. ते शिफ्टवर आहेत, त्यांचं दोनदा विचारून झालंय. वहीत सह्यांच्या चार ओळींवर काट मारली आहे. पाचवी: सही. बाकी.