बहिणीच्या कॅनमधलं पाणी

लातूरला रेल्वेने पाणी यायचं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. नांदेडला रूट कॅनल करून घेतलेली माझी दाढ वर्षाच्या आत पुन्हा ठणकायला लागली. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. त्या काळी दाढ दुखली की उपटायची, एवढाच इलाज. आई चाळिशीतच भाकरी दुधात कुस्करून खायला लागली होती. मला ते नको होतं.

म्हणून मुदखेडहून एसटीने लातूरला गेले, तिथेच राहणाऱ्या धाकट्या बहिणीने सांगितलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. बहिणीसाठी पाच लिटरचा कॅन फिल्टरच्या पाण्याने भरून घेतला होता.

एक्स-रे बघून बाई म्हणाल्या, "या दाढेला चार नळ्या आहेत. तीनच भरल्यात, त्याही अर्धवट. चौथी कुणी उघडलीच नाही. जुनं सगळं काढून नव्याने भरावं लागेल."

"वाचेल का?"

"पू नाही, सूज नाही. वाचायला पाहिजे."

"मग आजच उरका. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. मी नसले तर भरायला कुणी नाही."

बाई हसल्या. "आजच करू. इथं तरी टँकरचा कुठं भरवसा आहे?"

तासभर तोंड उघडं ठेवून पडले. जुना भराव खरवडून निघाला, चौथ्या नळीचं तोंड दिसलं आणि नेमकं मशीनला पाणी पुरवणारी खुर्चीची बाटली रिकामी झाली. मदतनीस बाई आत जाऊन आली. "मॅडम, जारबी रिकामा हाय."

पाण्याशिवाय मशीन चालवलं तर दाढ तापते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तात्पुरतं बंद करते. पुढच्या आठवड्यात या."

मला बोलता येईना. मी पायाशी ठेवलेल्या कॅनकडे बोट दाखवलं.

"अहो, ते प्यायचं आहे ना?"

मी पुन्हा बोट दाखवलं, जरा जोरात.

संध्याकाळी बहिणीने कॅन उचलून बघितला. "उणा कसा गं अक्का? वाटेत पिलीस व्हय?"

"दाढेत गेलं."

"लई महागाची दाढ हाय म्हणायची! आता दुधात भाकर मागितलीस तर बघ."

कॅप बसेपर्यंत त्या बाजूने चावायचं नव्हतं. कॅप मी नांदेडलाच बसवून घेतली. पुढच्या खेपेला बहिणीकडे दोन कॅन नेले, आणि तव्यावरची कडक भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी त्याच दाढेने चावून खाल्ली.