देवीशी भांडणारी उमरेडवाली

उमरेडवाली देवीशी भांडायची. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. आमच्या गल्लीच्या टोकाला देवीचं लहानसं देऊळ आहे. सकाळी बाकीच्या बायका हात जोडून पुटपुटायच्या आणि ही कमरेवर हात ठेवून उभी. "तुले काय वं, बसून राहिली आरामात! खाली उतर, दोन कांड्या सूत भर, मंग समजन." नव्या सुना दचकायच्या. मी एकदा म्हटलं, "देवीले असं बोलते का कोणी?" तर म्हणाली, "जिच्यावर भरवसा असते, तिच्याशीच भांडते माणूस. तुह्याशी काहून भांडतो मी?"

तिचं माहेर उमरेडचं, म्हणून उमरेडवाली. आमच्याकडे बाई लग्न होऊन आली की तिचं नाव जातं आणि माहेरचं गाव राहतं. मी कन्हानवाली. तिचं खरं नाव पार्वती होतं, हे मला तिच्या तेरवीला कळलं. चाळीस वर्षं शेजारी काढली आम्ही.

आमची गल्ली विणकरांची. पूर्वी घराघरातून मागाची खटखट यायची. मग एकेक माग बंद पडला. कोणी कळमन्याच्या धान्यबाजारात पोती उचलायला गेला, कोणी ई-रिक्षा घेतली. त्यात रडण्यासारखं काही नाही. पोट जिथं भरतं तिथं माणूस जातो. पण एक रीत टिकली होती. घटस्थापनेला देवीला नेसवायची ती गल्लीतच विणलेली साडी.

शेवटचा माग ज्या वर्षी बंद पडला, त्या वर्षी देवळात बैठक झाली. मंडळाचा राजू म्हणाला, "आजी, इतवारीतल्या दुकानातून आणू. चांगली जरीची आणू."

उमरेडवाली उठून उभी राहिली. "आज साडी बाहेरून येईन. उद्या म्हणसान, घर इकून बाहेर प्लॉट घेऊ. मंग इथं कोण राहीन, हे देवी अन् मी?"

कोणी हसलं नाही. दोन-तीन घरांचं तसं चाललंच होतं, आणि एक त्यांतलं राजूचं होतं.

"पण आजी, माग कुठं हाये आता?"

"हाये न. तुमच्याच घरात पडला हाये."

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरली. एका घरी मागाचा तूर, म्हणजे कापड गुंडाळायचा दांडा, कपडे वाळवायला टांगलेला होता. एकीनं पायानं दाबायच्या पावड्यांवर पाण्याचा माठ ठेवला होता. आडवा धागा नेणारा धोटा एका पोराची मोटार झाला होता. ती मागायची नाही, उचलायचीच. मग माझ्या घरी आली.

"कन्हानवाले, पलंग उचल."

"काहून?"

"त्याच्या खाली खड्डा हाये. तुह्या सासऱ्याचा माग तिथंच होता."

खड्डा होता खरा. विणणाऱ्याला पाय सोडून बसता येईल असा. वर फरशी टाकलेली. मुलगा कुरकुरला, "आई, आत्ताच तर टाइल्स लावल्या." मी देवभोळी नाही. पण या बाईला नाही म्हणण्यापेक्षा फरशी फोडणं सोपं होतं. फोडू दिली, आणि गोळा केलेला माग तिथंच उभा राहिला.

ताणा लावायची वेळ आली. ताणा म्हणजे साडीचे उभे धागे. ते गल्लीभर लांब ताणायचे, त्यांना ज्वारीची खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंच्यानं सारखी करायची. एका घराचं हे काम नाही. अख्खी गल्ली लागते. तिनं एका टोकाला गुलाबला उभं केलं आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या सख्ख्या भावाला, वसंताला. नालीच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. "सोडसान त देवीचा ताणा मातीत जाईन," एवढंच सांगून ती खळ ढवळायला गेली. दोघं समोरासमोर, मधे धागे. शेवटी गुलाब ओरडला, "ओढ न गा थोडा!"

"ओढूनच राहिलो न! डोळे फुटले का?"

बोलणं सुरू झालं ते असं.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. ओली खळ आणि वरून पाऊस, म्हणजे सगळं गेलं. माणसं वर पाहायला लागली. उमरेडवाली पिठाचे हात घेऊन देवळापुढं गेली. "तुहीच साडी हाये. भिजवाची असन त भिजव. ओली तूच नेसशीन!" ढग कामठीकडे गेला. देवीनं ऐकलं असं मी म्हणत नाही. ढग गेला, तेवढं पाहिलं.

मग विणकाम. प्रत्येक घरानं निदान एक वीत विणायची, असा तिचा नियम. राजूनं इतके धागे तोडले की त्याची वीत मच्छरदाणीसारखी झाली. उमरेडवालीनं ती उसवू दिली नाही. माझी सून सुषमा काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिनं माग कधी पाहिला नव्हता. पण बसली आणि दोन दिवसांत तिचा ठोका सारखा पडायला लागला. उमरेडवाली डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "पेरल्यावानी इनते पोरगी. ओळीत." त्यानंतर सुषमा मागावरून उठेना. स्वयंपाक मी केला.

साडी उतरवली तर हातभर आखूड. कोणाचा ठोका घट्ट, कोणाचा सैल, आणि ताण्याचं माप धरण्यात आम्ही सगळेच कच्चे. बायकांचे चेहरे उतरले. उमरेडवालीनं साडी झटकली. "देवी काय तुमच्यावानी ढेरपोटी हाये का? बसली त हाये. पुरते."

पुरली. आरतीला प्रत्येकजण साडीत आपली वीत शोधत होता. राजू येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली मच्छरदाणी दाखवत होता. दुकानात ती साडी कोणी हातात धरली नसती. पण माझी मान ताठ होती, खोटं कशाला सांगू. उमरेडवाली मात्र त्या दिवशी भांडली नाही. मी विचारलं, "काहून वं, आज मुकी?"

"तिनं आपलं काम केलं. आता काय बोलू?"

गल्ली वाचली असं काही नाही. एक घर विकलं गेलंच. राजूचं नाही. माग माझ्या पुढच्या खोलीत राहिला, मी मागच्या खोलीत झोपायला गेले. सुषमा विणते, दोन मुली तिच्याकडे शिकायला येतात.

उमरेडवाली गेल्या उन्हाळ्यात गेली. शेवटी अन्न बंद झालं होतं. मी उशाशी बसले होते. तिनं विचारलं, "यंदाच्या साडीचा रंग कोणता?"

"हिरवा."

"चांगला हाये," म्हणाली आणि कुशीवर वळली. मरणाचं काही बोलली नाही. तिचं लक्ष नवरात्रात होतं.

यंदा ताणा लावला त्या सकाळी पुन्हा आभाळ आलं. सगळे थांबले. नकळत देवळाकडे पाहू लागले. तिथं कोणी नव्हतं. मग सुषमाच कुंचा टाकून निघाली, कमरेवर हात ठेवले आणि काटोलकडच्या आवाजात ओरडली, "वं देवी! तुले दिसते का नाई, आम्ही काय करून राहिलो ते?"

या वेळी ढग गेला नाही. कोसळला. पण तोवर घराघरातून ताडपत्र्या निघाल्या होत्या. अख्खी गल्ली हात वर करून ताण्यावर ताडपत्री धरून उभी राहिली. गुलाब, वसंता, राजू, शिकाऊ मुली. पाणी आमच्या कोपरांवरून बाह्यांत गळत होतं आणि धागे कोरडे होते. एक कोपरा माझ्या हातात आला होता. माझ्या वयाला ते काम नव्हे.

"आई, सोडू नका!" सुषमा ओरडली.

"मी काहून सोडू?" मी म्हटलं.