अष्टमीचं पाणी

दुपारचे अडीच. जेवण अंगावर आलंय, पंखा नुसता नावाला फिरतोय आणि शाल्मलीचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लागलाय. खाली काचेवर खाडीचं थेंबभर पाणी, त्यात प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे इवलेसे जीव, ज्यांच्यावर सगळी मासळी पोसते. एक दिसला की डाव्या हातातल्या मोजणीयंत्राचं बटण अंगठ्यानं एकदा दाबायचं. नवी काच आहे म्हणून यंत्र तिनं आत्ताच शून्यावर आणलंय.

सोमवारी प्रबंध द्यायचा आहे. त्यात तिची दोन वर्षं आहेत, दर महिन्याला पाच ठिकाणी जाळं ओढण्यात गेलेली. पावसाळ्यात वरून गोडं पाणी आलं की खारे जीव खाडीच्या तोंडाकडे लोटले जातात, पाऊस सरला की वर चढतात आणि त्यांची संख्या फुगते. पहिल्या वर्षी तसंच झालं. दुसऱ्या वर्षी मात्र ऑक्टोबरपासून तीन महिने आकडे तिसऱ्या हिश्श्यावर आले. खाडीला उतरती कळा लागली, असं त्यावर शाल्मलीनं अख्खं प्रकरण लिहिलंय. सर खूश आहेत. तीही खूश आहे, उगाच खोटं कशाला बोला.

काचेवरचा एक जीव हलतो. हलायचं त्याला काही कारण नाही, फॉर्मालिनमध्ये मरून महिना झालाय.

स्टूल ओलं लागतं. ते स्टूल नाही, होडीची फळी आहे. सुकाणूशी लवूकाका बसलेत. लवू तारी, तिचे नावाडी. गणपतींचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी छातीत कळ येऊन हेही गेले. शाल्मलीला ते माहीत आहे आणि तरी त्यात तिला काही वावगं दिसत नाही. झोपेत माणूस भलताच समजूतदार होतो.

"जेवलंस गो बाय?"

"जेवले. तुम्ही?"

"माका आता कित्याक व्हया?"

होडी विद्यापीठाच्या व्हरांड्यातून चाललीय. पाणी सूचनाफलकापर्यंत आलंय आणि वळणीच्या दोरीवर मासळी सुकत घालावी तशा तिच्या नमुन्यांच्या बाटल्या टांगल्यात. काका वल्ह्यानं त्या अलगद बाजूला करतात.

"माझ्याबद्दल काय लिवलंस?"

ती सांगून टाकते. "नावाड्याच्या दिरंगाईमुळे पंधरा तारीख पाळता आली नाही."

"खरां असा ता."

खरंच आहे. दर महिन्याला पंधरा तारीख आली की काकांचं काहीतरी निघायचंच. कधी इंजिन बसलंय, कधी वारं आहे, कधी दाढ दुखतेय, एकदा तर म्हैस व्यायलीय. चार दिवस जायचे, कधी आठ, मग भल्या पहाटे स्वतःच दारात हजर, चल म्हणून. शाल्मली मनात चरफडायची. नवा नावाडी तसा नाही, पंधरा म्हणजे पंधरा.

व्हरांड्याच्या टोकाला वळलं की काठावरचं एक अंगण लागतं. केळीच्या पानावर खीर, वडे वाढलेत आणि घरचे लोक कावळ्याची वाट बघत उभे आहेत. शाल्मली हे ओळखते. ऑक्टोबरातला तो दिवस. नवा नावाडी म्हणाला होता, "ताई, आज सर्वपित्री, आज नको." आणि ती म्हणाली होती, "आज पंधरा आहे."

"तिथ कोणती हुती?" काका विचारतात.

"अमावास्या."

"उधाणाचां पाणी. त्या ओढीत मासो थारत नाय, तुझे किडे काय थारतले?"

"मग तुम्ही कधी न्यायचात?"

काका तिचा डावा हात आपल्या हातात घेतात आणि तिचा अंगठा बटणावर दाबत राहतात, सावकाश, एकेक करून. त्यांचा हात थंड नाही, सुकं मीठ चोळल्यासारखा खरखरीत आहे.

"सांगितलं का नाहीत मला?"

"सांगितलंय. पयल्याच फेरीक. तू म्हणालंस, काका, विज्ञानाक तिथ नसता."

म्हणाली होती. हसून म्हणाली होती, वर त्यांच्यासमोर वहीत गडद अक्षरात पंधरा लिहिलं होतं. शाल्मलीला लाज वाटते, साधी, सरळ लाज. ती काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि तोंडात खारं पाणी येतं.

पंखा फिरतोय. गालावर सूक्ष्मदर्शकाच्या कडेचा वळ उठलाय. डाव्या मुठीत मोजणीयंत्र आहे आणि त्यावर आकडा आहे आठ. काचेवरचा एकही जीव तिनं मोजलेला नाही.

ती तो आकडा मोठ्यानं वाचते. मग उठून भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर काढते, त्याच खिळ्याला मागे अडकवलेली गेल्या दोन वर्षांचीही काढते, आणि वही उघडते. लवूकाकांबरोबरच्या एकवीस फेऱ्या. अष्टमी. अष्टमी. कधी शुद्ध, कधी वद्य, पण अष्टमीच, जेव्हा भरती-ओहोटीचं अंतर कमी असतं आणि पाणी संथ असतं. एकवीस वेळा एकसारखं पाणी. नंतरच्या तीन फेऱ्या तिच्या, बरोबर पंधरा तारखेच्या, तिन्ही उधाणातल्या. खाडीला काही झालेलंच नाही, निदान या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही.

ती सरांना फोन लावते. "सर, सोमवारी जमणार नाही. शेवटचं प्रकरण काढावं लागेल."

"आता? काय झालं?"

"चुकीच्या पाण्यात जाळं टाकलं मी."

सर बरंच बोलतात. ती ऐकून घेते. फोन ठेवते आणि प्रबंधातलं ते दिरंगाईचं वाक्य खोडते. मोजणीयंत्र शून्यावर आणायला हात जातो, पण ती ते तसंच टेबलावर ठेवते आणि खोडलेल्या जागी लिहिते:

'पहिल्या एकवीस फेऱ्यांचे दिवस लवू तारी यांनी ठरवले. शेवटचे तीन मी ठरवले.'