काळ्या लोकरीवरचा उजेड

सुधाताई गेल्या, असा सांगलीहून फोन आला तेव्हा मी कराडच्या स्टँडवर संघटनेची पत्रकं वाटत होते. उरलेली वाटून संपवली, मगच सांगलीची एसटी धरली. काम अर्धं टाकून आलेलं त्यांना चाललं नसतं... त्याला आता महिना होऊन गेला.

हौशी नाटकांची प्रकाशयोजना करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण मला आठवतो तो कराडचा फॅशन शो. म्हसवडच्या घोंगड्यांचे कोट, जाकिटं आम्ही संघटनेवाले मंचावर आणणार होतो. ज्यांनी लोकर कातली, विणली त्यांना पडद्यामागे ठेवायचं आणि भलत्यांनी मिरवायचं, हे आम्हाला मान्य नव्हतं. म्हणून विणकर बायाच चालणार होत्या. सगळ्यांत पुढे हौसाक्का, नवरा गेल्यावर एकटीनं माग चालवणाऱ्या. हा शेवटचा प्रयत्न, लोक हसले तर माग मोडून चुलीत घालीन, असं त्या घरी सांगूनच निघाल्या होत्या.

आणि तालमीलाच लोक हसले. शो मोठा, म्हणून बायांनी कौतुकानं कापडाला चिंचोक्याची खळ दुप्पट दिलेली. हॉलवाल्यानं लग्नाच्या शूटिंगचे हॅलोजन समोरून सोडले आणि सगळी लोकर चकाकायला लागली. मागून कोणीतरी विचारलं, "ताडपत्री घालून आलाय व्हय?" हौसाक्का तिथंच कोट उतरवायला लागल्या.

सुधाताईंनी सगळे दिवे बंद करायला लावले. मग विंगेत, कमरेएवढ्या उंचीवर, एकच पिवळसर दिवा ठेवला आणि त्यावर पातळ कागद चढवला. तो तिरपा, मऊ उजेड सरकत आला तशी खळीची चकाकी विझली, धाग्याधाग्यावरची लव उभी राहिली. एका काळ्यात करडा, तपकिरी, जांभळट असे किती काळे निघाले. हॉलवाला कुरकुरला, ताई, अंधार झालाय, लोकांना दिसणार काय? त्या एवढंच म्हणाल्या, "काळ्यावर समोरून धावून जाऊ नका. बाजूनं हळू या, मग ते बोलतं."

संध्याकाळी हौसाक्का त्याच उजेडात संथ चालत आल्या. मागच्या रांगेतले एक माणदेशी म्हातारबा उठून शेजाऱ्याला म्हणाले, "गड्या, हे आपलंच घोंगडं हाय रं." टाळ्या तिथून सुरू झाल्या आणि पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोचल्या. हौसाक्का ठरल्या जागी वळायचंच विसरल्या. मंचाच्या काठाशी मान ताठ करून उभ्या राहिल्या, आणि सुधाताईंनी दिवा तसूभरही हलवला नाही. उजेडसुद्धा हक्काचा असतो. तो कसा वाट्याला येतो, त्यावर माणसं दिसतात किंवा पुसली जातात.

परवा म्हसवडला गेले होते. हौसाक्कांनी मागावरचा छताचा बल्ब काढून बाजूच्या भिंतीला, खाली लावलाय. अर्धी खोली अंधारात असते. का, म्हणून विचारलं.

"तुमची ताई हितं बसलीया," बल्बकडे बघत त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ताण्याच्या धाग्यांतून धोटा फेकला.