वास दिलेलं इंजिन

हिवाळ्याच्या सकाळी गावात कुठे थंड इंजिन रेस झालं, की मिस्त्री हातातला पाना टाकून दोन्ही कान झाकून घ्यायचे. "मारलं! मारलं त्याले!" असं ओरडत आवाजाच्या दिशेने निघायचे. ट्रॅक्टर ओळखीच्याचा की अनोळख्याचा, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसे. सरळ अंगणात शिरून चालवणाऱ्याचा हात धरायचे. "काहून बे, तेल तं वर चढू दे! तू झोपेतून उठल्या उठल्या पळतं का?"

लोक हसायचे. आज मला त्या हसण्याचा संताप येतो. माणूस खरं तेच सांगत होता. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातलं तेल खाली उतरतं, थंडीने घट्ट होतं. ते वर पोचायच्या आत रेस केली, तर लोखंडावर लोखंड कोरडं घासतं. एवढी साधी गोष्ट. पण आवाज आणि धूर जितका जास्त तितका ट्रॅक्टर जोरदार, असं मानणाऱ्यांची आमच्याकडे कमी नाही. तुमच्याकडेही नसावी.

मिस्त्री कामरगावचे. वय साठीचं. जुन्या मोटरसायकलला लोखंडी पेटी बांधून धनजकडच्या आमच्या गावांत फिरायचे. नव्या ट्रॅक्टरला त्यांनी कधी हात लावला नाही. "त्याईले कंपनी हाये. या म्हाताऱ्याईले कोन हाये?" म्हणायचे.

इंजिन चालू झाल्यावर किती वेळ हळू ठेवायचं, याचं त्यांचं माप होतं एक कप चहा. एकदा माझ्या काकांनी चहा बशीत ओतला, दोन घोटांत संपवला आणि गिअर टाकला. तेव्हापासून मिस्त्री प्रत्येकाला बजावू लागले, "बशीतला नाही भाऊ, कपातला." दुसऱ्या एकाने ट्रॅक्टर चालू ठेवून अख्खं जेवण उरकलं, तर त्यालाही झापलं. "चहा म्हनलं होतं, पंगत नाही म्हनली!"

पण त्यांचा खरा राग होता वास देण्यावर. आमच्याकडे इंजिन लवकर लागलं नाही, की पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरतात. त्याला वास देणं म्हणतात. आत जाणारी हवा तापवणारा हिटर असलेल्या इंजिनाला वास दिला, तर आत स्फोटच होतो. मिस्त्री हात जोडून सांगायचे, "हिटर दाबा, वीस मोजा, सेल्फ मारा. नाही लागलं तं थांबा, पुना वीस मोजा. पन वास नोका देऊ, बाप्पा."

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास त्यांनी काकांचं इंजिन पूर्ण बांधून दिलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा. आठ दिवस खपले. जाताना इंजिनावर हात ठेवून म्हणाले, "आता याले दहा वर्सं पाहाचं काम नाही."

जानेवारीत तुरीचं थ्रेशर यायचं होतं. ट्रॅक्टरची बॅटरी आदल्या दिवशी कुणाच्या तरी हळदीत भोंग्यांना लावली होती, ती उतरली होती. थंडी मरणाची. इंजिन नुसतं कण्हत होतं. काका सीटवरून ओरडले, "मी हिटर दाबतो, तू वास दे!"

मी वास दिला. मिस्त्रींचं सगळं मला पाठ होतं, आणि मीच बोळा धरला. काकांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. ही पद्धत कुणी पाडली आणि आपण ती का पाळतो, हे विचारायची तर त्याहून नाही.

धाडकन आवाज झाला, काळा लोट उठला आणि इंजिन लागलं. काका खूश झाले. दुपारी ठकठक सुरू झाली आणि संध्याकाळच्या आत इंजिन बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. निम्म्या गावासमोर त्यांनी इंजिन खोललं. रिंगा तुटल्या होत्या, पिस्टनचा काठ उडाला होता. ते पिस्टन हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "याले वास कोनं देला?"

"वास-बिस काई नाही," काका म्हणाले. "तुह्याच कामात खोट हाये, मिस्त्री. काय बसवून ठेवलं तू अंदर?"

मिस्त्रींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे. मी पिस्टनकडे पाहत राहिलो.

"मी रिंगा नीट बसवल्या होत्या, भाऊ," एवढंच ते बोलले आणि पेटी बांधून निघून गेले.

महिन्याभरात पंचक्रोशीत बोभाटा झाला, की मिस्त्रीचा हात गेला. ज्यांची इंजिनं त्यांनी पंधरा-पंधरा वर्षं जगवली, तेही मंगरूळपीरच्या गॅरेजात जाऊ लागले. कुणी एकदा विचारायला गेलं नाही.

पुढे ते मला एकदाच दिसले, कामरगावच्या स्टँडवर. त्यांनी विचारलं ते इंजिनाचं. "आता चालते का नीट? धूर तं नाही ना?" धूर नाही, मी म्हणालो. पुढचं बोलणार तेवढ्यात जीप आली आणि मी बसलो. जीप दर अर्ध्या तासाला होती.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. बातमी आली तेव्हा आम्ही पारावर होतो. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "त्याईची काई चूक नव्हती. वास मी देला होता. काकानं सांगतलं होतं."

वाटलं, आता गहजब होईल. काका तंबाखू मळत म्हणाले, "ते तं सगळ्याईलेच माहीत हाये. धडाका काय कमी झाला होता?"

"मंग बोलले काहून नाही कोनी?"

"कायले बोलाचं? मिस्त्री दुसरा भेटते."

मी तसाच उठून कामरगावला गेलो. मिस्त्रींचा मुलगा दारातच होता. त्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं तो अंगावर येईल. यायला हवा होता.

"अब्बानं कोनाचं नाव नाही घेतलं," तो म्हणाला. "पन तुमच्या गावाहून आले अन् आठ दिवस कुठीच कामाले गेले नाही. रस्त्याकडं तोंड करून खाट टाकली. म्हने, तिथं एक पोरगा होता, तो येईन."

ते आठ दिवस मी घरीच होतो. थ्रेशर पुढे ढकललं होतं, हाताला काहीही काम नव्हतं.