सर्जाचा चुकलेला फोटो

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच पाकिटांवर पत्ते लिहीत होते. अकरा फोटो, अकरा पाकिटं. सातव्या पत्त्यावर पेन थांबलं...

नाना म्हणजे माझे मामा. धरणगावात त्यांनी उभा जन्म लग्नांचे फोटो काढले. हात थरथरायला लागला तशी लग्नं सोडली आणि चोपड्याजवळच्या गोशाळेत जायला लागले. बाजारातून सोडवून आणलेली म्हातारी गुरं तिथे असतात. नाना त्यांना आंघोळ घालत, शिंगांना तेल लावत आणि मागे लाल पडदा धरून मला उभं करत. बैल सगळे आबा, गाई सगळ्या अक्का. "आबा, हनुवटी जरा वर... अक्का, इकडे बघा." एका आबांनी पडदाच चघळला. नाना म्हणाले, "पंगतीआधी फोटो उरकायला हवे होते."

प्रत्येक फोटो ते मूळ मालकाच्या घरी पाठवत. बैल जिवंत आहे तोवर घरच्या कुणी एकदा तरी येऊन त्याला भेटावं, एवढीच त्यांची तळमळ. फोटो लोक ठेवून घेत, येत मात्र कुणी नसे. "विकलेल्या बैलासमोर उभं राहायची लाज वाटते गं," नाना म्हणायचे.

नावं, पत्ते, फोटोंचे क्रमांक माझ्याकडे. माझी यादी चुकत नाही. एकदाच चुकली. आठवड्याच्या आत एक आजी मुलाच्या मोटारसायकलवरून गोशाळेत थडकल्या, हातात आमचा फोटो. "कोन शे तो फोटोवाला? हाऊ आमना सर्जा नही! आमना सर्जानं डावं शिंग मोडेल शे!"

नाना त्यांना खऱ्या सर्जापुढे घेऊन गेले. आजी भांडण सोडून त्याच्याजवळ गेल्या. मग त्याची गळ्याखालची पोळी खाजवत त्यालाच रागवायला लागल्या, "कितला बारीक हुई गया रे तू..." दुपार कलली तरी हलल्या नाहीत.

परतताना नाना भलतेच खुशीत. "माय, आते बठ्ठा फोटो अदलाबदल करी टाक!"

सगळेच फोटो मुद्दाम चुकवायला मी साफ नकार दिला. यादी म्हणजे यादी. त्यानंतर दोन वर्षं बरोबर फोटो बरोबर पत्त्यावर गेले आणि कुणीही आलं नाही. नाना दर फेरीला आशेने विचारत, "चुकली का गं?" मी अभिमानाने नाही म्हणायची.

तेरावं झाल्यावर त्यांच्या खोलीत बसून मी ती अकरा पाकिटं भरली. पहिल्या पत्त्याला दुसऱ्याचा बैल, दुसऱ्याला तिसऱ्याचा. गोंधळ नको म्हणून त्याचीही यादी केली.

काल एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, काय चाललंय? आमना बैल पांढरा शे, हाऊ तर तांबडा!"

मी माफी मागितली नाही. म्हटलं, "गोशाळेत पांढरे चार आहेत, भाऊ. या, तुमचा कुठला ते दाखवा."